गाडी राज्याबाहेर विकली तर रोड टॅक्स परत मिळतो का, आणि कुणाला?

प्रश्न झरी-जामणीकडच्या एका तरुणाचा आहे. तो जुन्या गाड्या घेतो-विकतो. घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची २०२१ ची डिझेल बोलेरो त्याने उचलली आणि आदिलाबादच्या गिऱ्हाइकाला दिली. एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, निघाली आहे. त्याचा मामेभाऊ नेदरलँड्समध्ये नोकरीला असतो. तिकडचे व्यापारी जुन्या गाड्या देशाबाहेर विकतात, मग सरकारने आधी घेतलेला गाडीचा कर परत मिळवतात आणि बरीचशी कमाई त्यातच असते, असं त्याने फोनवर सांगितलं. म्हणून हा विचारतो, "भाऊ, बॉर्डरपार गाडी देल्ली तं रोड टॅक्स वापस भेटते का? आन् भेटत असन तं थो मले भेटन का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर, तुमचे कागद आज जसे आहेत ते पाहता, नाही. तो पैसा घाटंजीच्या शेतकऱ्याचा आहे, आणि त्याला तो असतो हे बहुतेक ठाऊकही नसेल.

मी पांढरकवड्याला गाड्यांच्या कागदपत्रांचं काम करतो. इथून पाटणबोरी, पिंपळखुटी आणि पैनगंगेच्या पुलापलीकडे आदिलाबाद, सगळं एकाच चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गावर. अर्ध्या गावाची सोयरीक पलीकडे आहे, बाजारहाट पलीकडे आहे, त्यामुळे गाड्याही पलीकडे जातात. वरुड-मोर्शीकडच्या गाड्या मध्य प्रदेशात जातात, गोंदियाच्या बालाघाटला आणि राजनांदगावला. गाडी जाते, पैसे मिळतात, व्यवहार संपला असं दोघंही धरून चालतात. टॅक्सचा उरलेला भाग सरकारजमा राहतो, कारण कुणी मागायलाच जात नाही.

तो मागता का येतो, ते आधी समजून घ्या. आपण नवी खाजगी गाडी घेताना महाराष्ट्रात एकरकमी कर भरतो. लोक त्याला लाइफटाइम टॅक्स म्हणतात. गाडी पंधरा वर्षं या राज्याच्या रस्त्यांवर चालेल असं गृहीत धरून तो एकदाच घेतात. गाडी चौथ्या-पाचव्या वर्षी कायमची दुसऱ्या राज्यात गेली आणि तिथे तिची नोंद झाली, तर उरलेल्या वर्षांचा कर इथे ठेवायला कारण उरत नाही. शिवाय त्याच गाडीवर तिकडचं राज्य आपला कर घेतं. एकाच काळासाठी एका गाडीवर दोनदा कर बसू नये, म्हणून परतावा. हे सरकारचं बक्षीस नाही आणि व्यापाऱ्याला दिलेली सवलतही नाही.

तुमच्या बोलेरोचंच घ्या. समजा शोरूमची किंमत नऊ लाख होती. डिझेल गाडी दहा लाखांच्या आत असेल तर दर १३ टक्के, म्हणजे टॅक्स भरला १,१७,०००. पेट्रोल असती तर ११ टक्क्यांनी ९९,००० झाला असता. दहा ते वीस लाखांच्या गाडीला दर एक टक्का चढतो, वीसच्या वर आणखी एक. मनात ढोबळ अंदाज बांधायला या रकमेचे पंधरा भाग करा आणि वापरलेल्या वर्षांचे भाग वजा करा. चार वर्षं पूर्ण झाली असतील तर अकरा भाग उरतात, म्हणजे साधारण ८५,८०० रुपये. हा अंदाज फक्त सौदा करताना डोक्यात ठेवायला. खरी रक्कम मोटार वाहन कर कायद्याच्या परिशिष्टातल्या तक्त्यावरून आरटीओ काढतं, आणि ती तुमच्या अंदाजाला तंतोतंत जुळेलच असं नाही. वर्ष मोजताना गाडीच्या नोंदणीची तारीख पाहतात. गाडी कारखान्यात कधी बनली याचा इथे संबंध नाही.

ऐंशी-पंच्याऐंशी हजार म्हणजे कापसाच्या कास्तकाराला किती मोठी रक्कम, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे जुनी गाडी बहुधा मे-जूनमध्ये विकली जाते. पेरणी तोंडावर असते, बियाणं आणायचं असतं, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायचं असतं. गिऱ्हाईक रोख घेऊन दारात उभं राहिलं की माणूस पटकन सह्या करतो. त्या वेळी कुणी त्याला सांगत नाही की गाडी तेलंगणात नोंदली गेल्यावर तुझे टॅक्सचे पैसे यवतमाळच्या आरटीओतून मागता येतील. जो सांगू शकतो तो दलाल, आणि त्याला सांगायची गरज वाटत नाही. मला ही गोष्ट फार लागते, म्हणून उत्तर लांबलं तरी चालेल.

आता तुम्हाला का नाही मिळणार ते बघा. परताव्याचा अर्ज महाराष्ट्राच्या नोंदीत ज्याचं नाव शेवटचं आहे त्याच्या सहीने जातो आणि रक्कम त्याच्याच बँक खात्यात येते. तुम्ही गाडी घेतली, पण नावावर केली नाही. एनओसी शेतकऱ्याच्या नावाने निघाली आणि आदिलाबादला ती थेट गिऱ्हाइकाच्या नावावर चढेल. सरकारच्या कागदावर तुम्ही कुठेच नाही. परतावा स्वतःला हवा असेल तर गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यात हस्तांतराचा खर्च आला, वेळ आला आणि एक मालक वाढला की गाडीचा भावही उतरतो. त्यापेक्षा सरळ मार्ग असा, की परताव्याची गोष्ट सौद्याच्या वेळीच बोलायची. "गाडीचे इतके, आणि टॅक्स परत आला तर तो तुमचा" असं म्हणा, किंवा "मी भाव वीस हजारांनी वाढवून देतो, परतावा आला की तो मला द्या" असं म्हणून ते विक्रीच्या करारावर लिहून घ्या. दोन्ही चालतं. शेतकऱ्याला अंधारात ठेवून कोऱ्या अर्जावर त्याची सही घेणं चालत नाही. ती फसवणूक आहे, आणि पैसे त्याच्या खात्यात आल्यावर गावात तिचा निकाल लागतोच.

कागदांचा क्रम सांगतो. गाडीवर फायनान्स असेल तर आधी बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा. विमा, पीयूसी चालू हवेत. ई-चलन भरलेली हवीत. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून घ्या, नाहीतर तिथेच अडकाल. मग दुसऱ्या राज्यासाठीच्या एनओसीचा फॉर्म २८, आणि गाडी चोरीची नाही याचा एनसीआरबीचा (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा) अहवाल. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०.

फॉर्म २८ वर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो आणि नवखी माणसं इथेच चुकतात. बोलेरोसारख्या गाडीत नंबर फ्रेमच्या पट्टीवर ठोकलेला असतो, चाकाच्या आतल्या अंगाला. आपल्या काळ्या मातीचा थर त्यावर सिमेंटसारखा बसलेला असतो. तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचा नाही, अक्षरावर ओरखडा गेला तर तपासणारा खाडाखोड समजतो. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, जुन्या टूथब्रशने अक्षरांच्या खाचा मोकळ्या करा, कोरडं करा. मग पातळ कागद घट्ट धरून मऊ पेन्सिलची शिस आडवी फिरवा. सतराच्या सतरा अक्षरं एका ओळीत, एका कागदावर उमटली पाहिजेत. अर्धा प्रिंट एका तुकड्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर असेल तर तो परत येतो. वरून पारदर्शक टेप लावा, म्हणजे शिस पुसली जाणार नाही. प्रिंट आरसीशी (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी) स्वतः ताडून बघा. चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, म्हणून गोल दिसेल ते शून्यच वाचायचं आणि उभी रेघ दिसली तर एक. अर्जात शून्याच्या जागी ओ लिहिल्यामुळे थांबलेली प्रकरणं मी खूप पाहिली आहेत.

एनओसी मिळाली म्हणजे परतावा मिळाला असं नाही. एनओसी म्हणजे गाडी जाऊ द्यायला हरकत नाही, इतकंच. गाडी खरोखर गेली आणि तिथे नोंदली गेली, याचा पुरावा म्हणजे तिकडची नवी आरसी आणि तिकडे भरलेल्या कराची पावती. हे दोन कागद गिऱ्हाइकाकडे असतात आणि गाडी हातात आल्यावर ते पाठवण्यात त्याला काही रस नसतो. सबंध कामातली सगळ्यात नाजूक जागा ही. म्हणून मी सांगतो, गिऱ्हाइकाचे पाच-दहा हजार नवी आरसी मिळेपर्यंत अनामत म्हणून ठेवा आणि तसं करारात लिहा. गिऱ्हाईक खळखळ करेल, पण लेखी असलं की देतं.

ते दोन कागद आले की परताव्याचा अर्ज, डीटी नमुन्यातला, जिथे कर भरला आणि जिथून एनओसी दिली त्या कार्यालयात द्यायचा. तुमच्या बाबतीत यवतमाळ, कारण गाडी एमएच-२९. सोबत मूळ कराची पावती, एनओसीची प्रत, जुनी आरसी, नवी आरसी, तिकडच्या कराची पावती, आधार, पॅन, रद्द केलेला चेक. मूळ पावती हरवली असेल तर घाबरू नका, भरलेला कर सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदीत दिसतो, फक्त एक कागद जास्त लागतो. खातं मात्र केवायसी पूर्ण झालेलं हवं आणि नाव आरसीवरच्या नावाशी जुळायला हवं. आपल्याकडे आरसीवर "रामरावजी", आधारवर "रामराव" आणि पासबुकावर "रामा" असं सर्रास असतं. अर्ज करण्याआधी ते जुळवून घ्या. नंतर पैसा ट्रेझरीतून येतो आणि त्याला महिने लागतात. अर्जाची पोच घ्या, नंबर जपून ठेवा, अधूनमधून विचारत राहा.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही विचार करा. आदिलाबादला नोंद करताना त्याला तेलंगणाचा लाइफ टॅक्स भरावा लागतो. गाडी जितकी जुनी तितका तो उतरतो, पण चार वर्षांच्या गाडीला तो लहान नसतो. शहाणं गिऱ्हाईक तो आधीच भावातून कापून घेतं. म्हणजे इकडे शेतकऱ्याला गाडीचे पैसे कमी मिळतात ते तिकडच्या टॅक्समुळे, आणि ते भरून निघतात इकडच्या परताव्यामुळे. परतावा मागितला नाही तर शेतकरी दोन्हीकडून नागवला जातो. हा हिशेब एकदा त्याच्यासमोर कागदावर मांडून दाखवा, तो आयुष्यभर तुमच्याकडेच गाडी विकायला येईल.

काही जण गाडी पलीकडे नेऊन नोंदच करत नाहीत. एमएच नंबरवरच वर्षानुवर्षं फिरवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथे नोंदवली पाहिजे. पण दंडापेक्षा मोठा धोका इकडच्या माणसाला आहे. गाडी नोंदीत ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जातो. गाडी मध्ये किती हातांतून गेली याने फरक पडत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणजे घाटंजीच्या शेतकऱ्याने बोलेरो विकून टाकली, पैसे संपले, आणि तिकडे उटनूरच्या घाटात तिने कुणाला उडवलं तर अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलची नोटीस घाटंजीला येईल. विमा चालू नसेल तर शेतावर बोजा चढायची वेळ. परताव्यासाठी नव्या आरसीचा पाठपुरावा केला की हा धोकाही आपोआप टळतो. मला तर पैशापेक्षा याचंच महत्त्व जास्त वाटतं.

तुम्ही हा धंदा नेहमी करणार असाल तर दोन गोष्टी आत्ताच नीट करा. केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था आणली आहे. आरटीओकडून अधिकृतपणाचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि मालकाने गाडी तुमच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी वर पोर्टलवर ती सूचना द्यायची. त्या दिवसापासून गाडीची जबाबदारी तुमच्याकडे येते, मालक मोकळा होतो, आणि एनओसी, आरसीचं नूतनीकरण असली कामं तुम्हाला तुमच्या नावाने करता येतात. तालुक्याच्या गावांत हे अजून फार कमी जण करतात. तुम्ही केलंत तर शेतकरी गाडी देताना निर्धास्त असेल.

दुसरी गोष्ट जीएसटी. जुन्या गाडीच्या व्यापाऱ्याला कर फक्त नफ्याच्या फरकावर लागतो. जानेवारी २०२५ पासून तो सगळ्या जुन्या गाड्यांना १८ टक्के आहे. पाच लाखांना घेतली, पाच लाख चाळीसला विकली, तर चाळीस हजारांवर ७,२००. तोट्यात विकली तर काही नाही. पण तुमची उलाढाल लहान असली तरी एक बाब तुम्हाला लागू होते. बिलावर गिऱ्हाइकाचा पत्ता आदिलाबादचा असेल तर तो आंतरराज्य व्यवहार, आणि व्यापारी म्हणून आंतरराज्य माल विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी न घेण्याची सूट मिळत नाही, नोंदणी घ्यावीच लागते. शेतकऱ्याने स्वतःची गाडी थेट कुणाला विकली तर त्याला जीएसटी नाही. एखाद्या सीएला बसून विचारा, फी वसूल होईल.

आता मामेभावाचं. तो खोटं बोलत नाही. नेदरलँड्समध्ये गाडी पहिल्यांदा नोंदवताना बीपीएम नावाचा मोठा कर लागतो, तो मुख्यतः गाडी किती कार्बन डायऑक्साइड सोडते त्यावर. गाडी कायमची देशाबाहेर गेली, तिथली नोंद संपली आणि युरोपीय संघातल्या किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या दुसऱ्या देशात तिची नोंद झाली, तर त्या कराचा उरलेला भाग परत मिळतो. तिथले व्यापारी हा परतावा धरूनच निर्यातीचा वेगळा भाव सांगतात. डेन्मार्कमध्ये गाडीचा नोंदणी कर किमतीच्या वरच्या टप्प्यावर दीडशे टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे तिथे गाडी बाहेर गेली की परताव्याची रक्कमही तशीच मोठी. आयर्लंडने २०१३ पासून अशी योजना ठेवली आहे. तिथे गाडी जाण्याआधी तपासणीला न्यावी लागते, तपासणीनंतर तीस दिवसांत देशाबाहेर काढावी लागते, तिची किंमत निदान दोन हजार युरो असावी लागते आणि परताव्यातून प्रशासकीय शुल्क कापलं जातं. जपानची गोष्ट आणखी वेगळी. तिथला निर्यातदार जुनी गाडी घेताना भरलेला दहा टक्के उपभोग कर परत मागतो, आणि गाडीच्या रिसायकलिंगसाठी पहिल्या मालकाने भरून ठेवलेली अनामतही निर्यात झाली की परत मिळते.

या सगळ्यांत एक सूत्र आहे आणि ते आपल्या पैनगंगेलाही लागू आहे. कर घेताना राज्य पुढच्या सगळ्या वर्षांचा घेतं, गाडी निघून गेली की न वापरलेल्या वर्षांचा देतं, आणि गाडी दुसरीकडे खरोखर नोंदली गेल्याशिवाय देत नाही. तिथला व्यापारी कमावतो तो कागद चोख ठेवून. तुम्ही ज्याला परदेशातला वेगळा धंदा समजता, तो तुम्ही आदिलाबादच्या सौद्यात करतच आहात, फक्त शेवटची पायरी सोडून देता.

मग विदर्भातून गाड्या परदेशी पाठवून टॅक्स का मिळवू नये, असाही तुमचा एक उपप्रश्न होता. पहिली अडचण स्टिअरिंगची. आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजव्या हाताला, त्यामुळे युरोपचा मुख्य भूभाग आणि आखाती देश बाद. उजव्या स्टिअरिंगच्या देशांत जपानी गाडी आधीच स्वस्तात येऊन बसली आहे. केनियासारखा देश आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी घेतच नाही. शेजारचा नेपाळ जुन्या गाड्यांची आयात करू देत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या गाड्या सात-आठ वर्षांच्या, कॉटन मार्केटच्या रस्त्यावर आणि कोळशाच्या धुळीत झिजलेल्या. त्यांना नागपूरहून बंदरापर्यंतचं भाडं आणि जहाजाचं भाडं घातलं की काही उरत नाही. त्यातून आयात-निर्यात कोड, एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), परकीय चलनात आलेले पैसे बँकेतून दाखवणं हे वेगळंच. निर्यातीला जीएसटी शून्य दराने लागतो हे खरं आहे, पण तुम्ही गाडी शेतकऱ्याकडून घेतलेली असते, त्याने तुम्हाला जीएसटी लावलेलाच नसतो, मग परत काय मागणार? जपानी निर्यातदाराला जो दहा टक्क्यांचा फायदा मिळतो तसा इथे जन्मतच नाही. तुमच्या भांडवलावर हा नाद करू नका. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, अमरावती, या सगळ्या जिल्ह्यांना दुसऱ्या राज्याची सीमा लागून आहे. तेवढं क्षेत्र तुम्हाला पुरे आहे.

एक सावधानी. परताव्याची बातमी पसरली की काही जण "नवी आरसी बनवून देतो, गाडी न्यायची गरज नाही" असं सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. दुसऱ्या राज्यातली नोंद आता पोर्टलवर दिसते, कार्यालय ती तपासतं, आणि खोट्या आरसीवर सरकारी पैसा मागणं हा फौजदारी गुन्हा आहे. अर्जावर सही शेतकऱ्याची असते, म्हणजे पहिला आरोपी तो होईल.

इलेक्ट्रिक गाडीला मुळात कर भरलेला नसेल तर परतावा नाही. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला काही उरलेलं नसतं. पिकअप आणि मालवाहू गाड्यांचा कर वेगळ्या पद्धतीने लागतो, त्यांचा हिशेब वरच्या पंधरा भागांनी करू नका.

वणी-राजुऱ्याकडे कोळसा खाणीत नोकरीला असलेल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. केंद्राच्या कंपनीत, बँकेत, सैन्यात असाल आणि बदली दुसऱ्या राज्यात होण्याची शक्यता असेल, तर नवी गाडी घेताना बीएच मालिकेचा नंबर घ्या. २०२१ पासून तो मिळतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो, आणि परताव्यासाठी जुन्या आरटीओच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. निदान चार राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपनीच्या नोकरदारालाही तो घेता येतो.

तुमच्या बोलेरोचं आता असं करा. आधी घाटंजीला जाऊन शेतकऱ्याला सगळं सांगा, किती रक्कम येऊ शकते तेही सांगा. तुम्ही केलेल्या कामाचे पैसे त्याच्याकडून उघड मागा, तो देईल, कारण तुम्ही नसता तर त्याला काहीच मिळालं नसतं. आदिलाबादच्या गिऱ्हाइकाला फोन करून नोंद कुठवर आली ते विचारा. नोंद अडली असेल तर त्याला हवे असलेले कागद इकडून लगेच पाठवा, कारण त्याचं काम झाल्याशिवाय तुमचं होत नाही. नवी आरसी आणि कराची पावती दोन्ही स्पष्ट स्कॅन करून घ्या, मोबाइलवर तिरपा काढलेला फोटो चालत नाही. शेतकऱ्याचं आधार, पॅन आणि पासबुक एकत्र ठेवून नाव ताडून पाहा, फरक असेल तर तो अर्जाआधी मिटवा. आणि यवतमाळला जाताना त्याला सोबत घेऊन जा. त्याची सही आरटीओच्या नोंदीतल्या सहीशी जुळली नाही तर ती तिथेच पुन्हा करून देता येते, नाहीतर तेवढ्यासाठी घाटंजीहून दुसरी फेरी पडते.